जुन्या लेन्सचा स्वभाव की आजार? रेंजफाइंडर लेन्सेसची तुलना घरच्या घरी

माझ्याकडची ५० मिमी समिटार १९५० च्या आसपासची आहे. जर्मनीतल्या वेट्झलारच्या, लायका कॅमेरे बनवणाऱ्या लाइट्झ कारखान्यातली, पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेली, वापर झाला की मागे ढकलून कॅमेऱ्यात बसवता येणारी. तिच्या फोटोंत दिव्यांभोवती मऊ प्रभा दिसायची, सावल्या दुधाळ उतरायच्या. दोन वर्षं मी ते तिचं सौंदर्य समजत होतो आणि भेटेल त्याला ते फोटो दाखवत होतो. मग एका जाणत्या कारागिराने ती उघडली आणि आतल्या काचांवर साचलेला धुरकट थर पुसून दिला. परत आलेल्या लेन्समध्ये थोडा मऊपणा होता, कडेची पार्श्वभूमी अजूनही भोवऱ्यासारखी फिरत होती, पण दुधाळपणा पार गेला होता. मी ज्याचं कौतुक करत होतो तो सत्तर वर्षांचा मळ होता.

जुन्या आणि नव्या लेन्सची तुलना करणारे बहुतेक हौशी छायाचित्रकार इथेच फसतात. एका बाजूला न तपासलेली जुनी लेन्स आणि दुसऱ्या बाजूला डब्यातून काढलेली नवी, अशी तुलना म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला धावण्याच्या शर्यतीत उतरवणं. म्हणून या लेखात तपासणीला निम्म्याहून जास्त जागा दिली आहे. फोटो त्यानंतर.

प्रश्न लहान करा

एका वेळी एकच फोकल लेन्थ आणि एकच बॉडी घ्या. मी ५० मिमीचं उदाहरण घेतो, कारण रेंजफाइंडरच्या (लेन्समधून न बघता, व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायच्या कॅमेऱ्यांच्या) दुनियेत या अंतराइतकी विविधता दुसरीकडे नाही आणि जुन्या लेन्सेसही त्यातल्या त्यात सहज मिळतात.

तुलनेआधी आपल्या लेन्सचं घराणं ओळखा. पहिलं घराणं सोन्नारचं. लुडविग बेर्टेले यांनी झाइससाठी १९३२ मध्ये काँटॅक्स कॅमेऱ्याकरता आणलेली ही रचना. सोव्हिएत ज्युपिटर-८ आणि ज्युपिटर-३, निकॉनच्या रेंजफाइंडरच्या एफ/२ आणि एफ/१.४ लेन्सेस (एफचा आकडा जितका लहान, तितकं ॲपर्चर म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र मोठं), कॅननची ५० मिमी एफ/१.५, या सगळ्या तिच्याच लेकी. आज झाइसच्या नावाने जपानमध्ये कोसिना बनवते ती सी सोन्नारही त्याच वंशातली. दुसरं घराणं दुहेरी गाउस रचनेचं, म्हणजे ॲपर्चरच्या दोन्ही बाजूंना काचांची जवळजवळ सारखी मांडणी असलेलं. लाइट्झच्या सुमार (१९३३), समिटार (१९३९) आणि सुमिक्रॉन (१९५३) या त्यातल्या, कॅननची एफ/१.८ आणि झाइसची प्लानारही. तिसरा गट अलीकडचा, रंगदोष जवळजवळ शून्यावर आणणाऱ्या लेन्सेसचा. लायकाची एपो-सुमिक्रॉन २०१२ मध्ये आली, फोइग्टलँडरच्या नावाने कोसिनाने काढलेली एपो-लँथार त्यानंतर. १९७९ च्या सुमिक्रॉनमध्ये सहा काचा आहेत, एपो-लँथारमध्ये दहा.

काचांच्या संख्येला एवढं महत्त्व का, हे एकदा हिशेब करून बघा. कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ लेप) नसलेला काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो. एफ/२ सोन्नारच्या सहा काचा तीन गटांत चिकटवलेल्या, म्हणजे हवेला लागणारे पृष्ठभाग फक्त सहा. सुमारच्या सहा काचा चार गटांत, म्हणजे पृष्ठभाग आठ. कोटिंगशिवाय सोन्नारमधून अंदाजे ७८ टक्के प्रकाश पार होतो, सुमारमधून ७२. हरवलेला प्रकाश नुसता हरवत नाही. तो आतल्या आत उड्या मारून सावल्यांवर पसरतो आणि चित्र फिकट करतो. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये कोटिंगची युक्ती शोधली, ती महायुद्धानंतर सर्रास झाली, आणि बहुस्तरीय कोटिंग आल्यावर दहा काचांची लेन्स बनवण्यातली भीतीच गेली. म्हणजे जुन्या-नव्यातला मोठा फरक वयाचा नाही, कोटिंगचा आहे.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा एका नव्या लेन्समध्येच सापडतो. फोइग्टलँडर नॉक्टॉन क्लासिक ४० मिमी एफ/१.४ ही एकाच रचनेची लेन्स कोसिनाने दोन प्रकारांत विकली, एक साध्या कोटिंगची आणि एक बहुस्तरीय कोटिंगची. दोन्ही मित्रांकडून उसन्या मिळाल्या तर एक संध्याकाळ त्यांना द्या. कोटिंग काय करतं आणि काय करत नाही, हे शंभर चर्चांपेक्षा त्या संध्याकाळी जास्त कळेल.

टॉर्च आणि अंधारी खोली

लेन्स विकत घेण्याआधी, आणि घेतली असेल तर तुलनेआधी, ही तपासणी टाळू नका. खोलीत अंधार करा. ॲपर्चर पूर्ण उघडा. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागच्या बाजूला तिरका धरा आणि पुढून बघा. मग उलट, पुढून प्रकाश आणि मागून डोळा. लेन्स हळूहळू फिरवत राहा, कारण दोष एका कोनात लपतो आणि दुसऱ्यात उजळतो.

कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा बारीक मुळांसारखे धागे म्हणजे बुरशी. ती कोटिंग खाते, म्हणून पुसल्यावरही डाग राहू शकतो. सगळीकडे सारखा पसरलेला, आरशावर श्वास सोडल्यासारखा थर म्हणजे धुरकटपणा. जुन्या वंगणाची वाफ काचेवर बसून तो तयार होतो. दिवसाउजेडी लेन्स हातात घेऊन आरपार पाहिलं तर तो मुळीच दिसत नाही, आणि बाजारातल्या «काच स्वच्छ» लेन्सेस इथेच नापास होतात. काचेच्या कडेकडून आत येणारा चमकदार, इंद्रधनुषी पट्टा दिसला तर दोन काचांमधला डिंक सुटतो आहे. ती दुरुस्ती महाग पडते आणि क्वचितच परवडते. काचेतले बारीक बुडबुडे मात्र निरुपद्रवी. त्या काळच्या चांगल्या काचेत ते असतच.

काही लेन्सेसची दुखणी ठरलेली आहेत. सुमार, समिटार आणि एफ/१.५ च्या सुमारिटची पुढची काच मऊ, त्यामुळे शर्टाच्या टोकाने पुसून पुसून तिच्यावर ओरखड्यांचं जाळं झालेलं असतं. कॅननच्या ५० मिमी एफ/१.८ आणि एफ/१.२ मध्ये ॲपर्चरच्या लगत मागे असलेल्या काचेवर धुरकटपणा बसतो, आणि तो फार वर्षं राहिला की काचेचा पृष्ठभागच खराब होतो, मग पुसूनही जात नाही. मागे ढकलता येणाऱ्या सुरुवातीच्या काही सुमिक्रॉनमध्ये थोरियमची काच आहे. ती काळाने पिवळी पडते आणि रंगांची तुलना करताना तो पिवळेपणा ध्यानात घ्यावा लागतो. समिटार असेल तर ॲपर्चरची पातीही मोजा. आधीच्या लेन्सेसना दहा पात्यांचं जवळजवळ गोल छिद्र आहे, नंतरच्यांना सहा पात्यांचं षटकोनी. एकाच नावाच्या दोन लेन्सेस पार्श्वभूमी वेगळी रंगवतात याचं कारण कधी कधी एवढंच असतं.

दूरच्या विक्रेत्याकडून घेत असाल तर टॉर्च मागे धरून काढलेला फोटो मागा. तो द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर ती लेन्स सोडून द्या. आपल्या लेन्सचा टॉर्च-फोटो काढून त्यावर तारीख घालून जपून ठेवा, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

धुरकटपणा दिसला तर लेन्स आधी साफ करून घ्या, तुलना नंतर. स्वतः उघडू नका, असं मी कळकळीने सांगतो. फोकस फिरवणाऱ्या नळीचे आटे अनेक जागी सुरू होतात. चुकीच्या जागी बसवले की लेन्स फिरेल छान, पण अनंतावर कधीच पोहोचणार नाही. साफ करायला देण्याआधी दिव्याच्या दिशेने दोन-चार फोटो काढून ठेवा. परत आल्यावर तेच पुन्हा काढा. लेन्सचं मूळ रूप आणि मळ यांची सरहद्द त्या जोडीत दिसते.

जोडणीचा एक मिलिमीटर

१९५४ मध्ये लायका एम३ आला तोपर्यंत लाइट्झच्या लेन्सेस ३९ मिमी आट्याच्या होत्या. आट्याच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिमी, एम३ पासून आलेल्या नव्या एम बैठकीत २७.८. हा एक मिलिमीटरचा फरक लाइट्झने ठरवून ठेवला, आणि एक मिमी जाडीची कडी लावून जुन्या लेन्सेस नव्या कॅमेऱ्यावर आणता आल्या. तुमच्या तुलनेतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात घातक घटक हीच कडी. ती जरा जाड किंवा जरा पातळ असेल तर दोष लेन्सच्या माथी बसतो. साध्या व्हर्निअर कॅलिपरने तिची जाडी चार जागी मोजा. ५० मिमीसाठी असलेली कडी ५० मिमीचीच चौकट दाखवते ना, तेही व्ह्यूफाइंडरमधून पाहून घ्या.

ज्युपिटर-१२ ही ३५ मिमीची लेन्स कोणाकडे असेल तर सावध राहा. तिची मागची काच फार आत शिरते, आणि काही डिजिटल बॉडींत ती आतल्या भागांना घासू शकते. जबरदस्तीने फिरवू नका.

फोकस नेमका कुठे पडतो

रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नाही. लेन्सच्या मागची कड बॉडीतल्या चाकाला ढकलते, चाक हलतं, आणि व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकमेकींवर येतात. म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला अंतर «सांगते». ती चुकीचं सांगत असेल तर काच कितीही उत्तम असली तरी फोटो मऊच येणार, आणि बघणारा म्हणणार की जुनी लेन्स उघडी ठेवली की मऊ असते.

आधी बॉडी तपासा. खात्रीची, शक्यतो नवी लेन्स लावून किमान किलोमीटरभर दूरच्या मनोऱ्यावर किंवा चंद्रावर दोन प्रतिमा पूर्ण जुळतात का पाहा. मग एक मीटरवर. बॉडी बरोबर असेल तरच पुढे जा, आणि एका जुन्या लेन्सखातर बॉडीतल्या चाकाला हात लावू नका. एक लेन्स सुधारेल आणि बाकीच्या सगळ्या बिघडतील.

आता लेन्स. पाच काडेपेट्या टेबलावर उभ्या ठेवा, प्रत्येक शेजारचीपेक्षा एक सेंटीमीटर मागे. मधल्या पेटीपासून एक मीटरवर ट्रायपॉड लावा. ॲपर्चर पूर्ण उघडं. मधल्या पेटीवरच्या छापील अक्षरांवर रेंजफाइंडरने फोकस करा, फोटो घ्या. मग फोकस अनंतावर नेऊन पुन्हा जुळवा, पुन्हा फोटो. असं पाच वेळा. एफ/१.५ ला एक मीटरवर स्पष्टतेची एकूण खोली जेमतेम साडेतीन सेंटीमीटर असते, त्यामुळे दोन पेट्यांची चूक लगेच दिसते. पाचही वेळा एकाच दिशेला चूक असेल तर दोष लेन्सच्या जुळणीत. चूक कधी पुढे, कधी मागे असेल तर तो आपल्या डोळ्यांचा किंवा बॉडीचा, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. एम३ च्या व्ह्यूफाइंडरचं वर्धन ०.९१, नंतरच्या बहुतेक बॉडींचं ०.७२. मोजणीचा परिणामकारक पाया (तो जितका लांब, तितका फोकस नेमका) एम३ मध्ये सुमारे ६२ मिमी, नंतरच्यांत सुमारे ५०. मोठ्या ॲपर्चरच्या ५० मिमीसाठी एम३ इतका प्रेमाने का जपला जातो, ते या दोन आकड्यांत आहे.

फिल्मच्या कॅमेऱ्यावर हेच करायचं तर मागचं दार उघडून फिल्मच्या जागेवरच्या रुळांवर दुधी चिकटपट्टी ताणून लावा, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत) उघडं ठेवा आणि भिंगातून त्या पट्टीवरची प्रतिमा बघा. रोल न जाळता उत्तर मिळतं.

सोव्हिएत लेन्सेसचं प्रकरण इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे बहुतेकांची पहिली जुनी लेन्स ज्युपिटर-८ असते. तिची मूळ रचना काँटॅक्सची. काँटॅक्सच्या मापात ५० मिमी म्हणजे प्रत्यक्षात ५२.४ मिमी, लायकाच्या मापात ५१.६. हा फरक नीट भरून न काढता जुळवलेली लेन्स लायकावर अनंताला बरोबर बसते आणि एक मीटरवर घसरते. शिवाय त्या अनेकदा घरगुती दुरुस्तीतून गेलेल्या असतात. आतल्या पातळ कडीची जाडी बदलून त्या जुळवता येतात, आणि जुळवलेली ज्युपिटर-८ एफ/२.८ ला इतकी सुरेख काम करते की तिच्यासाठी हा खटाटोप करावाच. साल ओळखायचं तर बहुतेक लेन्सेसवर क्रमांकाचे पहिले दोन आकडे सालाचे असतात.

मिररलेस कॅमेऱ्यावर कडी लावून वापरणाऱ्यांना या विभागातलं फारसं काही लागू नाही, कारण ते सेन्सरवरची प्रतिमाच पाहून फोकस करतात. म्हणून दोन निकाल वेगळे नोंदवा: काच कशी आहे, आणि ही काच माझ्या रेंजफाइंडरशी कशी जुळते.

ॲपर्चर बंद केलं की फोकस सरकतो

काडेपेट्या तशाच राहू द्या. एफ/१.५ ला मधल्या पेटीवर फोकस करा आणि फोकसच्या कडीला हात न लावता एफ/२, एफ/२.८, एफ/४, एफ/५.६ असे फोटो घ्या. सोन्नार घराण्याची लेन्स असेल तर सर्वांत स्पष्ट जागा हळूहळू मागच्या पेट्यांकडे सरकताना दिसेल. गोलीय दोष (काचेच्या मध्यातून आणि कडेतून आलेले किरण एका जागी न मिळणं) मुद्दाम थोडा शिल्लक ठेवल्याचा हा परिणाम. त्याच दोषामुळे सोन्नारची पार्श्वभूमी इतकी मृदू विरघळते, म्हणून एक घ्यायचं आणि दुसरं नाकारायचं असं इथे चालत नाही. आधुनिक सी सोन्नारच्या सुरुवातीच्या लेन्सेस एफ/२.८ ला जुळवलेल्या होत्या, त्यामुळे एफ/१.५ ला फोकस पुढे पडायचा. पुढे एफ/१.५ ला जुळवून द्यायची सोय झाली. वापरलेली सी सोन्नार घेताना ती कशाला जुळवलेली आहे, हे या चाचणीत कळतं.

हा दोष आहे की स्वभाव? माझ्या मते स्वभाव, कारण तो दरवेळी सारखाच वागतो. त्याची सवय करून घेता येते: एफ/२.८ ला शरीर अगदी किंचित पुढेमागे झुकवायचं. धुरकटपणाची किंवा सैल नळीची सवय करून घेता येत नाही, त्यांचा परिणाम प्रकाशागणिक आणि दिवसागणिक बदलतो. दोन्हींतला फरक ओळखायची माझी खूण हीच आहे.

चारही कोपरे

एखादी काच जरा तिरकी बसली की चित्राचा एक कोपरा बिघडतो. विटांच्या भिंतीचा फोटो काढून हे तपासतात, पण कॅमेरा भिंतीला अगदी समांतर नसेल तर निकाल खोटा येतो. त्यापेक्षा दूरचा एक मनोरा किंवा पाण्याची टाकी घ्या, फोकस अनंतावर ठेवा आणि ती वस्तू आळीपाळीने चारही कोपऱ्यांत ठेवून एफ/२ आणि एफ/४ ला फोटो काढा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर ती त्या रचनेची मर्यादा. तीन बरे आणि एक खराब असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे किंवा उघडून वाकडी बसवलेली आहे. नव्या लेन्सेसही या चाचणीतून सुटत नाहीत. त्यांनाही हीच परीक्षा द्या, आणि ती परत करण्याची मुदत संपायच्या आत.

आता खरी तुलना

लेन्सेस निरोगी ठरल्या की मगच इथे या. ट्रायपॉड, मॅन्युअल एक्स्पोजर, पांढऱ्याचा समतोल (व्हाइट बॅलन्स) एका जागी बांधलेला, रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल. डिजिटल लायकामध्ये लेन्स ओळखून कडा सुधारण्याची सोय असते, ती बंद करा, संगणकावरचे लेन्स-प्रोफाइलही. एफ/२ लिहिलेल्या दोन लेन्सेस सारखाच प्रकाश देतील असं नाही, म्हणून फोटो शेजारी ठेवण्याआधी मध्यभागाचा उजेड सारखा करून घ्या. डोळ्याला जरा उजळ चित्र नेहमी जास्त चांगलं वाटतं. युद्धापूर्वीच्या लेन्सेसवर ॲपर्चरचे आकडेही वेगळे: २.२, ३.२, ४.५, ६.३, ९, १२.५. नव्या लेन्सचं ५.६ आणि जुनीचं ६.३ यांत एक तृतीयांश स्टॉपचा फरक आहे, तो शटरने भरून काढा.

दृश्यं कोणती घ्यायची? तक्ते आणि वर्तमानपत्रं मी सोडून दिली आहेत. मला चार दृश्यांनी पुरेसं कळतं.

पहिलं, सूर्य चौकटीच्या जरा बाहेर. लेन्सचा हूड (तोंडावरचा उन्हाचा आडोसा) काढून आणि लावून. इथे कोटिंग बोलतं. माझी समिटार हूडशिवाय पार कोलमडते आणि हूड लावल्यावर सभ्य होते. जुन्या लेन्ससोबत नवी लेन्स घेण्याइतका विचार हूडचा करा. निदान तळहाताने सावली धरा.

दुसरं, माणसाचा चेहरा सव्वा मीटरवर, खिडकीच्या उजेडात, मागे पानं किंवा दिव्यांची माळ. घराणी इथे सुटी सुटी होतात. समिटारमध्ये मागची पानं मध्याभोवती गोल फिरतात. सोन्नारमध्ये ती विरघळतात. एपो-लँथारमध्ये प्रत्येक दिव्याची कड स्वच्छ राहते, हिरवी-जांभळी किनार दिसत नाही, आणि डोळ्याची पापणी इतकी कोरीव येते की काही चेहऱ्यांना ते मानवत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. माझ्या आईच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती मला हवी होती आणि ती त्याच लेन्सने दिली.

तिसरं, एप्रिलमधली दुपार. पांढरी भिंत आणि तिच्याशेजारी अंधारा दरवाजा, जो आपल्याकडे कुठल्याही गावात सापडतो. नवी लेन्स दरवाज्याच्या आत ठार काळोख देते. जुनी लेन्स तिथे करडेपणा आणते आणि वाटतं की तिला सावलीतलं जास्त दिसतं. हा भास अर्धा खरा आहे. लेन्समध्ये विखुरलेला प्रकाश सावलीवर पसरून तिला उचलतो. फिल्मवर या उचलण्याचा खराच फायदा होतो, कारण अगदी कमी प्रकाशात फिल्म काहीच नोंदवत नाही आणि हा जास्तीचा प्रकाश तिला उंबरठ्यापलीकडे ढकलतो. आजच्या सेन्सरवर मात्र नव्या लेन्सची फाइल संगणकावर सावलीत उचलली की बहुतेक वेळा तेवढंच, आणि जास्त स्वच्छ, मिळतं. दोन्ही फाइली शेजारी ठेवून हे स्वतः करून पाहा.

चौथं, दूरचं तपशीलवार दृश्य, एफ/२ पासून एफ/८ पर्यंत. एफ/५.६ नंतर निरोगी जुनी सुमिक्रॉन आणि नवी लेन्स मध्यभागी वेगळ्या ओळखणं अवघड जातं. हा निकाल एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की खर्चाचे बरेच बेत बदलतात.

फिल्म आणि सेन्सर यांचे निकाल एकत्र करू नका. सेन्सरवर काचेचं आवरण असतं. लायकाच्या डिजिटल बॉडींत ते सुमारे ०.८ मिमी, बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत दोन मिमीच्या आसपास. तिरक्या येणाऱ्या किरणांना हे जाड आवरण वाकवतं आणि कोपरे माखल्यासारखे दिसतात. ५० मिमीला त्रास कमी, ३५ ला जास्त, २१ ला असह्य. त्यामुळे मिररलेसवर नापास झालेली जुनी वाइड लेन्स फिल्मवर उत्तम निघू शकते. आणि १८ मेगापिक्सेलच्या एम९ वर (२००९) जी लेन्स निर्दोष वाटते, ती ६० मेगापिक्सेलच्या एम११ वर (२०२२) उघडी पडू शकते. लेन्स तीच असते.

हाताला काय वाटतं, तेही लिहून ठेवा. ज्युपिटर-८ चं ॲपर्चर टिचक्या न देता फिरतं आणि ते फिरवताना फोकस हलतो. जुन्या एल्मारचं ॲपर्चर लेन्सच्या तोंडावरच्या इवल्याशा दांडीने बदलावं लागतं. आट्याच्या जमान्यातल्या लेन्सेस सहसा एक मीटरच्या आत येत नाहीत, एमच्या बऱ्याच ०.७ पर्यंत येतात. जेवणाच्या टेबलापलीकडच्या माणसाचा फोटो काढताना हे ३० सेंटीमीटर फार मोठे होतात.

प्रिंट उलटे ठेवा

पडद्यावर दोनशे टक्के मोठं करून पाहिलं की नवी लेन्सच जिंकते, त्यासाठी एवढी खटपट नको. प्रत्येक लेन्सचा तोच फोटो ८ × १२ इंचांत छापून घ्या. पाठीवर पेन्सिलीने खूण करा, पत्त्यांसारखे पिसा आणि आठवडाभर ड्रॉवरमध्ये ठेवा. मग घरातल्या कोणाला तरी, ज्याला लेन्सशी काही देणंघेणं नाही, त्याला आवडत्या क्रमाने लावायला सांगा. कारण विचारू नका. वेगवेगळ्या दृश्यांच्या चार गड्ड्या अशा लावून झाल्या की मगच पाठी पाहा.

१९५० मध्ये «लाइफ» साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन जपानमध्ये होते, तेव्हा त्यांनाही प्रिंटनेच पटवलं. निक्कोर लेन्सने काढलेले फोटो पाहून त्यांनी त्या लेन्सेस आपल्या लायकाला लावल्या आणि कोरियाच्या युद्धात वापरल्या. तोवर जपानी लेन्सेसकडे पाश्चात्त्य छायाचित्रकार फारसे वळत नव्हते. आपल्या मनातही नावांची अशीच उतरंड असते, आणि पाठ फिरवलेला प्रिंट ती मोडतो. माझ्या पहिल्या फेरीत खिडकीतल्या चेहऱ्यासाठी स्वस्तातली, जुळवलेली ज्युपिटर-८ वर आली, उन्हातल्या दृश्यासाठी नवी लेन्स. समिटार कुठेच पहिली आली नाही. ती मी विकलेली नाही. संध्याकाळच्या ढगाळ उजेडात, झाडांखाली, तिच्यासारखी दुसरी माझ्याकडे नाही.

पावसाळ्याआधी

मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्याने जुनी लेन्स घेताना हा खर्च किमतीतच धरावा. चामड्याच्या मूळ पिशव्या देखण्या असतात, पण त्या ओल धरतात. त्यांत लेन्स ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या. फार कोरडं झालं तर वंगण सुकतं. रंग बदलणारी सिलिका जेल असेल तर रंग उतरल्यावर ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा वापरता येते. दर पंधरा दिवसांनी लेन्स बाहेर काढा, फोकस आणि ॲपर्चर टोकापासून टोकापर्यंत फिरवा, थोडा उजेड दाखवा.

आणि ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरला की, खोलीत अंधार करून पुन्हा टॉर्च घ्या. तारीख घातलेला जुना फोटो शेजारी ठेवा, तोच कोन, तेच अंतर. कडेला एखादा नवा धागा दिसला तर लेन्स डब्यातल्या बाकीच्यांपासून त्याच दिवशी वेगळी करा आणि कारागिराकडे पाठवा. ती परत येईपर्यंत तिच्या फोटोंवरून कुठलंही मत बनवू नका.